न पोळणारे पाय

"दोघींनी एकाच ताटात जेवायचं. मी असेन तोवर, आणि नसेन तेव्हाही."

सासूबाईंचा, म्हणजे अव्वांचा, हा आवाज चेलनाच्या कानात अजून तसाच होता. लग्न होऊन ती मगदुमांच्या घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी कांशाचं रुंद ताट मांडलं. एका अंगाला थोरल्या सुनेला, राजमतीला, बसवलं आणि दुसऱ्या अंगाला हिला. "जेवताना दुसरीकडं बघायचं. तिला काय आवडलं, काय कमी पडलं, ते बघायचं. आणि शेवटी ताट धुऊन ते पाणी प्यायचं. कण वाया जाऊ द्यायचा नाही, उष्ट्यात जीव होतात."

ताट धुऊन पिणं चेलनाला नवीन नव्हतं. माहेरीही सगळे तसंच करत. पण एका ताटात दुसरीबरोबर जेवायचं म्हणजे तिला संकोच वाटला. ती नुसती भाताची शितं चिवडत राहिली. तेव्हा राजमतीनं दह्याची वाटी बोटानं अलगद तिच्याकडं सरकवली.

"दही आवडतंय न्हवं? मघापासनं बघायलीस तिकडं."

त्या दिवसापासून दह्याची वाटी चेलनाच्या बाजूला आणि ताटाचं धुणं राजमतीच्या ओंजळीत, असं ठरूनच गेलं. कोणी ठरवलं नव्हतं. थोरली म्हणून शेवटचं पाणी राजमती प्यायची, आणि धाकटी म्हणून दही चेलना खायची.

पुढं सासूबाई गेल्या. राजमतीचे यजमान गेले. राजमतीला मूलबाळ नव्हतं. चेलनाची मुलगी स्वयंप्रभा दोघींच्या मध्ये बसून त्याच ताटातले घास खात वाढली, शिकली, पुण्याला नोकरीला गेली. स्वयंपाकघरातला गॅस जाऊन विजेची शेगडी आली, छपरावर सौर विजेचे पत्रे आले, अंगणातल्या आडाला कुलूप लागलं. ताट मात्र तेच राहिलं. सूर्य मावळायच्या आत दोघी त्यात जेवून उठत आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत.

त्या घरात पोषिका आणली ती प्रभानंच.

पोषिका म्हणजे शिंप्याच्या मशीनच्या डब्याएवढी पांढरी पेटी. समोर एक काच, खाली एक बारीक तोटी. काचेवर अंगठा ठेवला की ती माणूस ओळखायची, आणि तोटीखाली जी वाटी असेल तीत त्या माणसाला हवी तेवढी जीवनसत्त्वं थेंबाथेंबानं सोडायची. महिन्यातून एकदा बोटाला मुंगी चावल्यासारखं व्हायचं. तेवढ्या रक्तात तिचं काम भागत असे. प्रभा ज्या कंपनीत होती तिथंच ही पेटी तयार झाली होती, आणि पेटीचं डोकं बनवणाऱ्यांत प्रभाही होती.

"एवढ्याशा डब्याला माणसाच्या आतलं कळतंय?" राजमतीअक्कांनी विचारलं.

"कळतं ग थोरली. थेंबभर रक्त दे, तुझ्या पणजीपर्यंतचं सांगेल."

"माझी पणजी लई खोटं बोलायची म्हणं. ते पण सांगतंय काय बघ."

चेलनाचे यजमान आदिनाथ ओट्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, "घरात सासूची जागा रिकामी होती, ती लेकीनं भरली. आता कुणाच्या वाटीत काय पडतंय त्यावर हिची नजर." मग त्यांनी सर्वांत आधी अंगठा लावला.

दोन दिवसांनी पेटीनं सगळ्यांची जनुकं वाचली, आणि प्रभानं दोघींना समोर बसवून समजावलं.

"बस्तीत भगवंतांच्या उंच मूर्तीचा महाभिषेक असला की कलश कसे वर जातात? खाली एकजण भरून देतो, दुसरा घेऊन वर चढवतो. आपल्या प्रत्येक पेशीत तसंच चाललेलं असतं. बी गटातली दोन जीवनसत्त्वं आहेत. फोलेट कलश भरून पुढं देतं. बी-बारा तो घेऊन वर चढवतं. दोघांपैकी एक जरी नसलं तरी रांग थांबते, आणि होमोसिस्टीन नावाचं एक द्रव्य रक्तात साचत जातं. ते साचलं की रक्तवाहिन्या आतून खरखरीत होतात, गुठळ्या धरतात."

"तुझ्या मामासारख्या," चेलना हळूच म्हणाली. तिचा भाऊ ऐन चाळिशीत मेंदूत गुठळी होऊन गेला होता.

"हो. मामाचंच तुझ्यात आहे, आई. फोलेट कामाला तयार करणारा जो कारागीर असतो ना शरीरात, तो तुझा मंद आहे. आजी आणि आजोबा, दोघांकडूनही तोच मंद कारागीर तुला मिळाला. त्यामुळं तुला फोलेट, म्हणजे फॉलिक आम्ल, जास्त लागणार, आणि त्या कारागिराला टेकू म्हणून बी-दोन. पेटी तुझं होमोसिस्टीन बघत राहील आणि ते उतरेपर्यंत मात्रा वाढवत जाईल."

"आणि माझं?" अक्कांनी विचारलं.

"तुझ्यात फोलेट झकास आहे. बी-बाराची गाडी खिळखिळी आहे. रक्तात असतं, पण पेशीच्या दारापर्यंत पोचत नाही. त्यात आपण मांस-मासळी खाणार नाही, अंडं खाणार नाही. म्हणून तुला रोज भरपूर बी-बारा द्यायचं. ते कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून मोठ्या होतात. तुझ्यासाठी पेटी तेवढी एकच खूण बघेल."

"एकच का? आईचं जे बघणार ते माझं बघाय नको?"

"एका थेंबात सगळं बघायचं तर तपासणीच्या दुसऱ्या पट्ट्या लागतात, त्या महाग पडतात. म्हणून ज्याच्या जनुकात जी उणीव, त्याची तेवढी खूण. गावोगावी परवडायला पाहिजे ना."

अक्कांनी मान हलवली. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "हे बी-बारा झाडातनं काढत्यात का ग?"

प्रभानं खोटं सांगितलं नाही. झाड ते बनवत नाही, गायसुद्धा स्वतः बनवत नाही, फक्त सूक्ष्म जीव बनवतात, मोठ्या टाकीत वाढवलेले, असं तिनं सांगितलं. अक्कांनी त्या दिवशी पेटीला हात लावला नाही. गावात चातुर्मासाला उतरलेल्या साध्वी माताजींना त्या विचारून आल्या. माताजी म्हणाल्या, औषध म्हणून घ्या, चवीसाठी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी अक्कांनी णमोकार मंत्र म्हणत काचेवर अंगठा ठेवला.

चेलना आपली आमटीची वाटी तोटीखाली धरायची. अक्का दह्याची. मग दोन्ही वाट्या ताटात यायच्या आणि दोघी जेवायला बसायच्या. ताटात आलं ते दोघींचं, त्यात कुणाची वाटी कुठली ते दोघींच्या मनातही येत नसे.

काही वर्षं गेली.

गावाबाहेर एक डोंगर आहे. वर भगवंतांची बस्ती, म्हणजे देऊळ. आमच्याकडं जैन मंदिराला बस्तीच म्हणतात. पायऱ्या काळ्या दगडाच्या, आणि पायथ्याला वहाणा काढून अनवाणी चढायचं. अक्का दर चतुर्दशीला वर जायच्या. लग्नाआधीपासूनचा तो नियम होता. चेलना त्यांच्या सोबत जायची.

आता उन्हाळे पहिल्यासारखे राहिले नव्हते. उघड्यावर थांबणं धोक्याचं झालं की तालुक्यात भोंगा वाजायचा, आणि शेतातली, रस्त्यावरची माणसं सावलीला पळायची. त्या वैशाखातल्या चतुर्दशीला वर आरती लांबली आणि दोघी उतरत असताना भोंगा वाजला. बायका पदर सावरत, पाय उचलत, एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत उड्या मारत निघाल्या. चेलनाही त्यांच्यात होती. एका लिंबाखाली पोचून तिनं मागं वळून बघितलं.

अक्का उन्हातून येत होत्या. सावकाश, पायरीकडं नजर ठेवून, जशा पावसाळ्यात येत तशाच.

"अक्का, पोळत नाही तुम्हाला?"

"नाही ग. अलीकडं पोळतच नाही."

लिंबाखाली थांबलेल्या बायका वळून अक्कांच्या पायांकडं बघू लागल्या. मग एकजण म्हणाली, "राजमतीअक्कांचं तप फळाला आलं." दुसरीनं तिथंच वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"असं बोलू नका, बायांनो," अक्का म्हणाल्या. "मला पाप लागंल." पण त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा एक माळ जास्त ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते चेलनानं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. आनंद म्हणावा तर त्यात थोडी लाजही होती. न मागता काहीतरी मिळावं आणि ते कुणाला सांगता येऊ नये, तसं.

चेलनालाही मनापासून बरं वाटलं. नवरा गेला, मूल नाही, आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं वाढली. या बाईला देहाचं दुःख सुटत चाललं असेल, तर ते तिच्याच वाट्याला यायला हवं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या काही गोष्टी तिच्या नजरेला पडत होत्या. अक्का चालताना पायांकडं बघू लागल्या होत्या. एक वहाण उंबऱ्याबाहेर गळून पडली तरी त्या तशाच पुढं जात. सकाळी कायोत्सर्गाला उभ्या राहून डोळे मिटले की डुलायच्या, भिंतीला हात लावायच्या. कायोत्सर्ग म्हणजे देह सोडून दिल्यासारखं निश्चल उभं राहायचं. अक्कांना वाटायचं, मनच थाऱ्यावर नाही. त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या एक वेळचं जेवण सोडायच्या.

आणि पेटी शांतपणे सांगायची की अक्कांच्या तांबड्या पेशी अगदी जशा हव्यात तशा आहेत.

पुढच्या चतुर्दशीला डोंगरावरून आल्यावर चेलना फरशी पुसत होती. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. तिनं पुसले. थोड्या वेळानं तिथंच पुन्हा उमटले होते.

"पाय धुऊन आले की मी," अक्का म्हणाल्या. "तेच पाणी असंल."

पण ते पाणी चिकट होतं. चेलनानं अक्कांना पाटावर बसवलं आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत फोडांनी भरला होता. काही फोड फुटून कातडं लोंबत होतं. अक्कांनी वाकून तळव्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसं विचारलं, "हे कधी झालं ग?"

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या बांधल्या. मग चिमट्यासारखा एक धातूचा काटा टेबलावर आपटून तो घुमू लागल्यावर अक्कांच्या घोट्याच्या हाडाला टेकवला.

"कंप जाणवतोय का, आजी?"

"कशाचा?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं करून डोळे मिटायला सांगितलं. अक्का डुलल्या. चेलनानं धरलं नसतं तर पडल्याच असत्या.

"नसांवरचं आवरण झिजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरेच महिने झिजत असणार. बी-बारा कमी पडलं की असंच होतं. पण तुमच्या घरच्या यंत्राचं म्हणणं तसं नाही. तांबड्या पेशी उत्तम आहेत. मी दुसरी तपासणी पाठवते. तोवर इंजेक्शन आजच सुरू करू. आणि हे यंत्र कुणी बसवलं त्यांना बोलवा."

प्रभा दुसऱ्याच दिवशी आली. आल्या आल्या तिनं पेटी उघडली. तोटी तपासली, थेंब मोजून बघितले. बी-बारा रोज पडत होतं, ठरलं तेवढं, एकदाही न चुकता.

"यंत्र बरोबर आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "यंत्राचं काही चुकलेलं नाही."

"तू आधी जेवून घे," अक्का म्हणाल्या. "सकाळपासनं पोटात काही नाही तुझ्या."

प्रभाला टेबलावर वाढलं. चेलनानं अक्कांना पाटावर भिंतीला टेकून बसवलं, बांधलेले पाय उशीवर ठेवले आणि ताट मधे मांडलं. दोघींनी आधीच अंगठे लावले होते; त्या वाट्या तिनं ताटात आणून ठेवल्या. चेलनानं आमटीची वाटी भातावर ओतली, ती दोन्हीकडं पसरली. अक्कांनी दह्याची वाटी बोटानं पलीकडं सरकवली. चेलनानं तिच्या बाजूच्या भातात दही कालवलं. दोघी जेवू लागल्या.

प्रभाचा हात तोंडाजवळ थांबला होता.

जेवण झाल्यावर चेलनानं ताटात पाणी ओतलं, बोटांनी कडेपासून मधेपर्यंत धुतलं, आणि ताट उचलून अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी ते ओठाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

"तुम्ही रोज असंच जेवता?" प्रभानं विचारलं.

"मग कसं जेवायचं?" अक्का म्हणाल्या. "तू काय आकाशातनं पडलीस? ह्याच ताटात वाढलीस की."

प्रभा उठून आली आणि दोघींच्या समोर जमिनीवर बसली. मग तिनं सांगितलं ते तुटक, एकेका वाक्याला थांबून.

बी-बारा अक्कांच्या दह्यात पडत होतं, आणि दही चेलनाच्या पोटात जात होतं. फॉलिक आम्ल चेलनाच्या आमटीत पडत होतं. ते पाण्यात विरघळतं. निम्मी आमटी अक्कांच्या बाजूला जायची, आणि ताटाला जे काही लागून राहायचं तेही धुण्यातून अक्कांनाच मिळायचं. चेलनाला तिची मात्रा पुरेशी मिळतच नव्हती. म्हणून तिचं होमोसिस्टीन उतरत नव्हतं. म्हणून पेटी तिची मात्रा वाढवत होती. आणि वाढलेल्यातलं निम्म्याहून अधिक पुन्हा अक्कांकडं जात होतं.

"पण ते काही विष नव्हं," चेलना म्हणाली. "जीवनसत्त्वच आहे की."

"विष नाही. पण तांबड्या पेशींना दुसरी वाट असते, आई. फॉलिक आम्ल खूप असलं तर बी-बाराशिवायही त्यांचं काम चालून जातं. त्या फुगत नाहीत, चांगल्या दिसतात. नसांना दुसरी वाट नाही. त्यांचं आवरण बी-बाराशिवाय टिकत नाही. थोरलीच्या नसा उपाशी होत्या, आणि रक्त बघून सगळं ठीक वाटत होतं. आणि मी पेटीला रक्तच बघायला शिकवलं होतं."

आदिनाथ दारात उभे होते. नेहमी काहीतरी बोलणारे, ते परत फिरून अंगणात गेले.

"म्हणजे माझ्या वाटीतलं," चेलना म्हणाली, आणि तिनं अक्कांच्या पुढ्यातलं रिकामं ताट स्वतःकडं ओढून घेतलं.

"आणि माझ्या वाटीतलं हिला मिळालं न्हवं?" अक्कांनी प्रभाला विचारलं. "मग वाया कुठं गेलं?"

"थोरली, नको ग असं बोलू." प्रभानं त्यांच्या बांधलेल्या पावलांवर हात ठेवला. ते अक्कांना कळलं नाही, त्यांनी बघितलं म्हणून समजलं. "एक अंगठा, एक वाटी, एक माणूस. असं मी त्या पेटीला शिकवलं. देशभरातली जेवणं अभ्यासली आम्ही. कोण काय खातं, कोण कधी उपास करतं, सगळं तिला सांगितलं. आपलं ताट सांगायचं राहून गेलं. मी स्वतः त्यातली, आणि माझ्याच लक्षात आलं नाही."

अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. हाताची बोटंही आता बधिर होऊ लागली होती. केस कुठं संपतात ते त्यांना नीट कळत नव्हतं, त्यामुळं हात मधेच हवेत फिरत होता.

त्यांचं खरं दुःख दुसरंच होतं, आणि ते त्यांनी काही दिवसांनी, दुपारी तांदूळ निवडताना, फक्त चेलनाला सांगितलं.

"पायाचं काही नाही ग. वय झालं, आज नाही उद्या जाणारच होते. पण मला वाटलं होतं, देहाची ओढ सुटायलीय. त्या उन्हात मी कशी उतरून आले बघितलीस न्हवं? मनात म्हटलं, एवढी वर्षं मीठ सोडलं, तूप सोडलं, ते कुठंतरी पोचलं." त्यांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. "ते दुखणं होतं. त्या बायका माझ्या पाया पडल्या, आणि मी पडू दिलं."

चेलनाही त्या दिवशी पाया पडली होती.

इंजेक्शनांनी बोटांचा बधिरपणा गेला. अक्का पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या, काठी घेऊन घरात फिरू लागल्या. पण पाय परत आले नाहीत. पाऊल जमिनीवर पडलंय की हवेत आहे, ते बघितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फार उशीर झाला, जेवढं भरून यायचं तेवढं आलं. पायऱ्या आता नाहीत.

प्रभानं कंपनीला सगळं कळवलं. पेट्यांना तपासणीच्या नवीन पट्ट्या बसल्या, आणि अंगठा लावल्यावर पेटी आता एक प्रश्न विचारू लागली: हे तुम्ही एकटेच खाणार आहात का? आदिनाथ पहिल्या दिवशी म्हणाले, "हे आधी विचारलं असतंस तर." प्रभा फोनवर होती, तिनं ते ऐकलं.

घरात दोन ताटं झाली. स्टीलची, नवी. कांशाचं ताट चेलनानं चिंचेनं घासून, फडक्यात बांधून फळीवर ठेवलं.

पण तिला जेवण जाईना. अक्कांसमोर ती घास घ्यायची, चावत बसायची. पेटीसमोर अंगठा लावायची आणि वाटी तशीच परत नेऊन झाकून ठेवायची. दह्याला तर ती शिवेनाशी झाली. तिसऱ्या महिन्यात तिच्या रक्तातलं होमोसिस्टीन पूर्वी कधी नव्हतं इतकं चढलं. प्रभा फोनवर रडली, मामाची आठवण काढली, रागावली. चेलना "बरं" म्हणायची.

शेवटी एका दुपारी अक्कांनी आपलं ताट पुढं सारलं आणि म्हणाल्या, "अव्वांनी तुला काय सांगितलेलं?"

"एका ताटात जेवायचं."

"आणखी काय?"

चेलना भाताची शितं चिवडू लागली.

"दुसरीकडं बघायचं म्हणून सांगितलेलं. तिला काय कमी पडलं ते बघायचं. एवढी वर्षं मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं. वाटीतलं कुणाला जातंय ते आपल्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. दोन ताटातनं पण बघता येतंय मला. तू जेवत नाहीस."

"जाईना, अक्का. घास तोंडात फिरतोय नुसता."

"मग फिरू दे. पण गिळ." त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "तुझा भाऊ गेला तेव्हा तू ह्याच स्वयंपाकघरात पालथी पडून रडलीस. तसंच तुझ्या लेकीला रडवायचंय? मला ह्या वयात बसवून जाशील, मग मला कोण उठवणार? आदिनाथ? त्याला आपली वहाण सापडत नाही."

चेलनाला रडता रडता हसू आलं.

"शब्द दे मला," अक्का म्हणाल्या. "तुझ्या ताटातलं सगळं तू खायचं. धुऊन तूच प्यायचं. आणि चतुर्दशीला वर जायचं."

"तुमच्याशिवाय?"

"माझा नियम मी इथं बसून पाळीन. तू तुझा म्हणून जा. फक्त खाली आल्यावर मला सांगायचं, पायऱ्या पोळल्या की नाही. खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"पोळल्या तर?"

"पोळल्या तर पोळल्या म्हण. तेच ऐकायचंय मला."

चेलनानं त्यांच्या हातावर हात ठेवला. अक्कांना तो कळला, आणि त्यांनी तिची बोटं दाबली. मग चेलनानं आपली झाकलेली आमटीची वाटी उघडली, दह्याची जवळ ओढली. त्या दिवशी ते सगळं संपवायला तिला फार वेळ लागला. ताट धुतलं, पाणी तोंडाला लावलं. त्यात आमटीची, हिंगाची पुसट चव होती. इतकी वर्षं तिनं ती कधी घेतली नव्हती.

चतुर्दशीला ऊन लवकर चढलं. परत आल्यावर एकदाच जेवायचं होतं, म्हणून तिनं सकाळीच तांदूळ धुऊन ठेवले, दोन ताटं पुसून पालथी घातली. अक्का सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. पाय जमिनीवर नीट जुळवून ठेवलेले, डोळे मिटलेले, बोटांमध्ये माळ. उभं राहून करायचं ते आता त्या बसून करत. त्यांचे ओठ हलत होते.

चेलनानं हाक मारली नाही. उंबऱ्याबाहेर अक्कांच्या वहाणा होत्या, कितीतरी दिवसांत न वापरल्यानं त्यांवर धुळीचा थर बसलेला. तिनं त्या पदरानं पुसल्या, शेजारी आपल्या काढून ठेवल्या, आणि अनवाणीच डोंगराच्या वाटेला लागली.